धक्का लागला नाही, मग गुडघा कसा गेला?

भातकापणी आटोपली की डहाणू-तलासरीत खेळांचा हंगाम सुरू होतो. पाड्यापाड्यांवर कबड्डीचे सामने रंगतात, मोकळ्या खाचरांत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा होतात, आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धांत मुलेमुली धावतात, खो-खो खेळतात. याच दिवसांत आईवडील आणि क्रीडाशिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात : ‘कोणी ढकलले नाही, कोणावर आदळली नाही. नुसती वळली आणि गुडघा धरून खाली बसली. असे कसे झाले?’

उत्तरे तयार असतात. मैदान खराब होते, अंग गरम केले नव्हते, नशीब फुटके. पहिल्या दोन कारणांत तथ्य आहे. पण मुख्य उत्तर त्या एका क्षणात असते : पाय टेकला तेव्हा शरीर कसे उभे होते, कुठे कलले होते, भार कोणत्या सांध्यावर गेला. ही गोष्ट समजून घेता येते आणि बऱ्याच अंशी शिकवताही येते. या प्रकरणात ती टप्प्याटप्प्याने पाहू.

१. दुखते एकीकडे, बिघडते दुसरीकडे

पायात भार वाहणारे तीन मोठे सांधे आहेत : खुबा, गुडघा आणि घोटा. खुबा सगळ्या दिशांना फिरतो. घोटा वर-खाली होतो आणि पावलातल्या लहान सांध्यांच्या मदतीने आत-बाहेर कलतो. गुडघ्याला मात्र एवढी मोकळीक नाही. तो वाकतो, सरळ होतो आणि वाकलेला असताना थोडासा वळतो.

घराच्या दाराची बिजागरी आठवा. चौकट तिरकी झाली की दार घासते, बिजागरी कुरकुरते, तिचे स्क्रू सैल होतात. बिजागरीत कितीही तेल घाला, चौकट सरळ होईपर्यंत कुरकुर थांबत नाही. गुडघा ही बिजागरी आहे. वरचा खुबा आणि खालचा घोटा ही तिची चौकट.

आता प्रत्यक्ष शरीरात काय होते ते पाहू. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू मांडीला बाहेरच्या बाजूने धरून ठेवतात. ते कमजोर असले किंवा थकले, की एका पायावर भार येताच मांडी आत वळते आणि गुडघा दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो. घोटा पुरेसा वाकत नसेल तर पाऊल आतल्या बाजूला कलते आणि गुडघा पुन्हा आतच जातो. दोन्ही वेळा बिघाड गुडघ्याच्या वर किंवा खाली असतो, पण कळ गुडघ्यात येते.

घोट्याची परीक्षा घरीच घेता येते. पाऊल पूर्ण टेकवून उकिडवे बसा. टाच जमिनीवर राहते का? रोज उकिडवे बसणाऱ्या मुलांना हे सहज जमते. खुर्ची-बाकाची सवय झालेल्या अनेकांची टाच उचलते. एकदा घोटा मुरगळून नीट बरा झाला नसेल तर दोन पायांत फरक दिसतो. तो फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२. जमीन किती जोराने परत ढकलते?

आपण जमिनीला जेवढ्या जोराने दाबतो तेवढ्याच जोराने जमीन आपल्याला उलट ढकलते, हे न्यूटनचे म्हणणे शाळेत शिकलेलो असतो. खेळाडूच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे : हा जोर कमी-जास्त करणे आपल्या हातात आहे का?

आहे. एक साधा हिशेब करू. ६० किलो वजनाच्या मुलाने उडी मारली आणि तो ४० सेंटिमीटर उंचीवरून खाली आला. पाय टेकल्यावर गुडघे ताठ ठेवले तर त्याचे शरीर जेमतेम १० सेंटिमीटरच्या अंतरात थांबते. अशा वेळी जमिनीकडून येणारा सरासरी जोर वजनाच्या पाचपट, म्हणजे ३०० किलोच्या भाराएवढा होतो. तोच मुलगा गुडघे आणि खुबे वाकवत ३० सेंटिमीटरच्या अंतरात थांबला, तर जोर वजनाच्या सव्वादोन पटीच्या थोडा वर, म्हणजे सुमारे १४० किलोवर येतो. उडी तीच, वजन तेच. थांबण्याचे अंतर तिप्पट केले आणि भार निम्म्याहून कमी झाला.

हा भार उचलतो कोण, हेही बदलते. गुडघा ताठ असताना हाडे, कूर्चा आणि बंध यांच्यावर ताण येतो. तो वाकलेला असताना मांडीचे आणि कुल्ल्याचे मोठे स्नायू काम वाटून घेतात. हे स्नायू अशाच कामासाठी आहेत. थकले तरी विश्रांतीनंतर पुन्हा ताजे होतात. बंध तुटला तर मात्र इतक्या सहजासहजी जुळत नाही.

म्हणून मुलांना उडी शिकवताना ‘किती उंच’ याच्याआधी ‘किती हळुवार’ हे शिकवावे. पाय टेकण्याचा आवाज ऐकू आला, तर पुन्हा करायला सांगावे.

३. डोळ्याची पापणी लवण्याआधी

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत बांधणारे दोन बंध एकमेकांना ओलांडून जातात. त्यातला पुढचा बंध म्हणजे ‘एसीएल’. क्रीडापानावर हे नाव वारंवार येते. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा भलतीकडे वळू नये, हे त्याचे काम.

हा बंध तुटण्याच्या दहापैकी साधारण सात घटनांत प्रतिस्पर्ध्याचा थेट धक्का नसतो, असे अभ्यास सांगतात. खेळाडू वेगात असतो, अचानक थांबतो, वळतो किंवा उडीवरून खाली येतो. त्या क्षणी चार गोष्टी एकत्र आलेल्या असतात : गुडघा जवळजवळ सरळ, तो आत झुकलेला, पाऊल जमिनीला रुतलेले आणि धड त्याच पायाच्या बाजूला कललेले.

कबड्डीत ही वेळ चढाईपटूवर येते. निदान रेषा ओलांडून तो आत जातो, बचावपटूंची साखळी जवळ येते, तो एका पायावर गर्रकन फिरून मध्यरेषेकडे झेप घेतो. खो-खोत चौरसात बसलेली खेळाडू ‘खो’ मिळताच क्षणात उठते, एका दिशेला वळते आणि पहिल्याच पावलात पूर्ण जोर लावते. पळणारी खेळाडू हुलकावणी देताना एका पायावर थांबून उलट दिशेला निसटते. या दोन्ही खेळांचे सौंदर्य अशा वळणांत आहे आणि धोकाही त्यांतच आहे.

दुखापतींचे व्हिडिओ बारकाईने तपासणाऱ्या संशोधकांना दिसले, की पाय टेकल्यापासून साधारण ४० ते ५० हजारांश सेकंदांत बंध तुटतो. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे ‘गुडघा आत जातोय, सावर’ असा विचार करून सावरायला अवधीच नसतो. योग्य हालचाल आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते. सराव म्हणजे नुसता दम वाढवणे नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

मुलींच्या बाबतीत आणखी सजग राहायला हवे. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींना हा बंध तुटण्याचा धोका मुलांच्या दोन ते तीन पट असतो. वयात येताना उंची आणि वजन वाढते, पण स्नायूंची ताकद त्या प्रमाणात आपोआप वाढत नाही. उडीवरून उतरताना गुडघे आत येण्याचे प्रमाणही या वयातल्या मुलींत अधिक दिसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी जेतेपद मिळवले. तिच्याकडे पाहून मैदानात येणाऱ्या मुलींना ताकद आणि उतरण्याचे तंत्र शिकवणे ही आपली जबाबदारी आहे. धोक्याचे नाव पुढे करून त्यांना मैदानाबाहेर ठेवणे हा अन्याय होईल.

४. माती आणि मॅट

आपल्याकडची कबड्डी मातीत वाढली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मॅटवरचा खेळ घराघरांत पोचला. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, पण पाड्यावरचा सराव बहुधा मातीतच चालतो.

मातीत अनवाणी पाय वळताना थोडा सरकतो, आणि त्या सरकण्यात वळणाचा काही जोर निघून जातो. मॅटवर बूट घातलेला पाय घट्ट पकड घेतो. पाऊल जागचे हलत नाही, वरचे शरीर मात्र फिरते, आणि उरलेला पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. नॉर्वेमध्ये हँडबॉलपटूंचा अभ्यास झाला, तेव्हा जास्त पकड असलेल्या कृत्रिम पृष्ठभागावर स्त्री खेळाडूंत एसीएलच्या दुखापती लाकडी जमिनीपेक्षा अधिक आढळल्या.

म्हणून वर्षभर मातीत खेळलेल्या संघाला थेट स्पर्धेच्या दिवशी मॅटवर उतरवू नये. आधी काही सत्रे मॅट मिळवावी. ती मिळाली की वळण घेताना एका जागी गिरकी घेण्याऐवजी दोन-तीन छोटी पावले टाकून वळायची सवय लावावी. पाऊल वळले की गुडघा आणि खुबा त्याच दिशेला वळतात आणि पीळ बसत नाही.

५. अनवाणी पाय आणि धावण्याची लय

पालघर जिल्ह्याला लागूनच नाशिक जिल्ह्याचा आदिवासी पट्टा आहे. तिथल्या सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणी धावत मोठ्या झाल्या. २०१० मध्ये त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक मिळवले. त्यांची कहाणी ऐकून पालक विचारतात : मग अनवाणी धावणेच चांगले का?

२०१० मध्येच डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया व अमेरिकेतील धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनवाणी धावायची सवय असलेले अनेक जण आधी चवडा टेकवतात. टाच आपटल्यावर येणारा पहिला तीव्र झटका त्यामुळे बराच टळतो. परंतु २०१३ मध्ये उत्तर केनियातील दासनच लोकांत दिसले, की अनवाणी राहणारी माणसेही संथ गतीने धावताना बहुधा टाचच आधी टेकवतात. शिवाय चवड्यावर धावताना पोटरी आणि टाचेमागच्या स्नायुबंधावर ताण वाढतो. भार नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो.

म्हणजे पाऊल कसे टेकते यापेक्षा ते कुठे टेकते हे पाहणे अधिक उपयोगी. पाऊल शरीराच्या फार पुढे पडले तर गुडघा ताठ राहतो आणि धावण्याला प्रत्येक वेळी ब्रेक लागतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे पावले थोडी छोटी आणि थोडी जलद टाकणे.

समजा एक मुलगी ताशी ८ किलोमीटर वेगाने धावते आणि मिनिटाला १६० पावले टाकते. तिचे एक पाऊल सुमारे ८३ सेंटिमीटरचे झाले. अर्ध्या तासात प्रत्येक पाय २,४०० वेळा जमिनीवर टेकतो. पावलांची गती पाच टक्के वाढवून तिने १६८ पावले टाकली, तर त्याच वेगात एक पाऊल ७९ सेंटिमीटरचे होईल. फरक फक्त चार सेंटिमीटरचा, पण पाय शरीराच्या जवळ टेकतो आणि प्रत्येक वेळी गुडघ्यावर येणारा भार घटतो. पाच ते दहा टक्क्यांच्या अशा वाढीने गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजून पाहिलेले आहे.

६. वेगवान गोलंदाजाची कंबर

पालघरच्या शार्दूल ठाकूरने १२ ऑक्टोबर २०१८ रोजी हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण केले. दहा चेंडू टाकल्यावर जांघेतला स्नायू दुखावला आणि त्याला मैदान सोडावे लागले. पुढची कसोटी मिळायला जानेवारी २०२१ उजाडला. ब्रिस्बेनच्या त्या विजयात त्याने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा काढल्या. दुखापत हा कारकिर्दीचा शेवट नसतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी त्याच्याकडून शिकावे.

वेगवान गोलंदाजीत शरीरावर किती भार येतो? चेंडू सोडताना पुढचा पाय टेकतो तेव्हा जमिनीचा जोर वजनाच्या पाच-सहा पट आणि कधी त्याहूनही जास्त असतो. ७५ किलोच्या गोलंदाजासाठी पाचपट म्हणजे ३७५ किलो. दहा षटकांत हे ६० वेळा घडते. त्याच क्षणी कंबर मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळतेही.

काही गोलंदाजांचे खुबे फलंदाजाकडे तोंड करून असतात, खांदे मात्र बाजूला वळलेले असतात. याला मिश्र शैली म्हणतात. खुबे आणि खांदे वेगवेगळ्या दिशांना फिरल्याने पीळ कमरेच्या खालच्या मणक्यांत साठतो. तो रोज बसत राहिला की हाडाला बारीक चीर पडते. उजव्या हाताच्या गोलंदाजाला ती बहुधा डाव्या बाजूला पडते. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीला १९७३ मध्ये अशाच चिरांनी खाली बसवले. त्याने शरीर नव्याने घडवले, गोलंदाजीची शैली सुधारली आणि १९७४-७५ च्या ॲशेस मालिकेत पुनरागमन केले. पुढे १९८७ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याने भारतीय मुलांना हेच धडे दिले.

किशोरवयात मणक्याची हाडे पूर्ण पक्की झालेली नसतात. गावच्या स्पर्धेत एकाच दिवशी तीन सामने आणि प्रत्येक सामन्यात तोच पंधरा वर्षांचा वेगवान गोलंदाज, हे थांबायला हवे. मुलाने कमरेच्या एकाच बाजूला, मागे वाकल्यावर दुखते असे सांगितले, तर गोलंदाजी बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

७. सरळ शरीर म्हणजे सुरक्षित शरीर का?

इथवर वाचून कोणी मुलांना रांगेत उभे करून कोणाचे पाऊल सपाट, कोणाचा खांदा खाली, हे शोधू लागेल. तसे करू नये. उभे असताना दिसणाऱ्या ठेवणीवरून कोणाला दुखापत होईल हे सांगता येत नाही. उसेन बोल्टच्या पाठीच्या कण्याला बाक आहे आणि त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे. २००९ मध्ये बर्लिनला तो १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला. कारकिर्दीच्या सुरुवातीला या बाकामुळे त्याला त्रास झाला. त्याने पोट, पाठ आणि कंबर यांचे स्नायू मजबूत करण्यावर मेहनत घेतली.

प्रत्येकाची ठेवण वेगळी असते. महत्त्वाचे आहे ते वेगात, वळणात आणि दमल्यावर शरीरावर ताबा राहतो का हे. त्याहून मोठी दोन कारणे विसरू नयेत. पहिले, पूर्वीची अर्धवट बरी झालेली दुखापत. दुसरे, अचानक वाढवलेला सराव. आठवड्याला १० किलोमीटर धावणाऱ्या मुलाला स्पर्धा जवळ आली म्हणून एकदम २५ किलोमीटर धावायला लावले, तर हालचाल कितीही चांगली असली तरी नडगी दुखायला लागेल. झोपही हिशेबात धरावी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शालेय खेळाडूंत दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली.

८. शाळेच्या मैदानात काय करावे?

महागडे यंत्र लागत नाही. आठवड्यातून किमान दोनदा २० मिनिटे लागतात. फुटबॉलसाठी तयार केलेला ‘११ प्लस’ हा कार्यक्रम नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तपासला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुखापती सुमारे एकतृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती तर जवळजवळ निम्म्या झाल्या. त्यातला गाभा आपल्या खेळांना असा लावता येईल :

पहिली आठ मिनिटे हलके धावणे, दिशा बदलत धावणे, मागे धावणे.

पुढची दहा मिनिटे ताकद आणि तोल. एका पायावर उभे राहून हळूहळू अर्धे बसणे. खुबा, गुडघा आणि पावलाचे दुसरे बोट एका रेषेत राहील याकडे जोडीदाराने पुढून लक्ष द्यावे. दोन्ही पायांनी उडी मारून आवाज न करता उतरणे, नंतर एका पायाने. कोपरांवर शरीर सरळ तोलून धरणे. आणि मांडीमागच्या स्नायूसाठी : गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे धरावेत, मग धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकावे. या एका व्यायामाने मांडीमागच्या स्नायूच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो.

शेवटची दोन मिनिटे वेगाने धावणे, थांबणे, वळणे.

आपल्या मुलांना यातले बरेचसे आधीच येते. तारपा नाचताना गुडघे किंचित वाकलेले असतात, पाऊल तालात टेकते, तारपकरी सूर बदलतो तसे सगळ्यांचे पदन्यास एकदम बदलतात. तोल, ताल आणि सूर ऐकून क्षणात बदलणे, हे सगळे त्यात आहे. शिक्षकाने ‘तारप्यात ठेवता तसे गुडघे ठेवा’ एवढे म्हटले तरी मुलांना कळेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत सुरू केलेले आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर चाललेले बालशिक्षणाचे काम याच विश्वासावर उभे होते : मुलांच्या भोवती जे आहे त्यातूनच शिकवावे. शारीरिक शिक्षणालाही तोच मार्ग लागू पडतो.

दुखापत झालीच तर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. गुडघ्यात ‘कट्ट’ असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, किंवा चालताना गुडघा निसटतोय असे वाटले, तर चोळू नये, ओढून बसवू नये, पट्टी बांधून पुढचा सामना खेळवू नये. बर्फ, विश्रांती आणि डॉक्टर. डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. तुटलेला बंध दोन आठवड्यांनी दुखायचा थांबतो, पण गुडघा स्थिर झालेला नसतो. दुखत नाही म्हणून मैदानात परतलेला खेळाडू मग कूर्चाही गमावून बसतो.

आणि हे सगळे कधी सुरू करावे? स्नायूंना ताकद यायला किमान सहा ते आठ आठवडे लागतात. नोव्हेंबरात स्पर्धा असतील तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात व्हायला हवी. तेव्हा मैदान चिखलाचे असले तरी हरकत नाही. तोलाचे, उतरण्याचे आणि ताकदीचे व्यायाम शाळेच्या व्हरांड्यात होतात. क्रीडाशिक्षकांनी आपल्या वेळापत्रकात आठवड्यातल्या दोन तासिका आजच राखून ठेवाव्यात. मुलांचे गुडघे त्यांना पुढची पन्नास-साठ वर्षे वापरायचे आहेत. शेतात, रोजगारावर, नाचात आणि खेळातही. ते जपण्याचे ज्ञान आपल्याकडे आहे. ते मुलांपर्यंत पोचवायला आता उशीर करू नये.